फलकाचा खालचा कोपरा

६ जानेवारी

ती. आत्या,

आज एका कामासाठी लिहितोय, त्यामुळे आधीच माझा कान धर.

दिवसा मी कंपनीचं काम करतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण गेली चार वर्षं मी नकाशे काढायच्या एका मुक्त सॉफ्टवेअरसाठी राबतोय. मुक्त म्हणजे त्याची आतली मांडणी कुणालाही उघडून बघता येते, सुधारता येते. मालक कुणी नाही. देशोदेशीची दोन-तीन हजार माणसं आपापल्या खोलीत बसून ते लिहितात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. तू म्हणशील, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस. भाजतो.

अडचण अशी की इतक्या माणसांत रोज काय चाललंय ते कुणालाच धड कळत नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी बातम्यांचं एक पान बांधायला घेतलंय. सभासदांनी बातम्या आणून टाकायच्या. ज्याला जी आवडेल तिला त्याने मत द्यायचं. जास्त मतांची बातमी वर. शिवाय जो जे उघडून वाचतो, त्याला तसलं जास्त दाखवायचं, म्हणजे प्रत्येकाचं पान थोडं वेगळं.

हे आखताना तुझ्या वाचनालयातला दाराजवळचा फलक आठवला. त्यावर कात्रणं असायची आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. लोक काहीतरी खुणा करायचे आणि तू संध्याकाळी ती वर-खाली करायचीस. नेमका हिशेब काय होता? मी रोज शाळा सुटल्यावर त्या फलकाखाली बसायचो, पण मला फक्त तुझ्या चपला आठवतात.

बाकी खोली तीच. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप दिसतात. आज सकाळी घसा खाकरताना लक्षात आलं की शुक्रवार संध्याकाळपासून मी मोठ्याने एक शब्दही बोललो नव्हतो.

तुझा,
खुडबुड्या

१४ जानेवारी

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

चाळीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. तेव्हा त्या फलकाबद्दल मला कुणी विचारलं नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर भाच्याला त्यात विद्या दिसली. ठीक आहे, सांगते.

रोज सकाळी सात वर्तमानपत्रांतून दहा-बारा कात्रणं काढून टाचणीने लावायची. वाचून पटलं तर वाचकाने समासात पेन्सिलीची एक रेघ मारायची. एका माणसाची एकच. संध्याकाळी रेघा मोजायच्या आणि जास्त रेघांचं कात्रण वर. पण बातमी शिळी होत जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी रेघ अर्धी धरायची, तिसऱ्या दिवशी पाव. नाहीतर एकदा वर चढलेलं कात्रण खुर्ची सोडत नाही. काही मंडळी मित्रांना घेऊन येऊन रेघा मारायची. त्यांचे हात मला ओळखू यायचे. एकाच दाबाच्या पाच रेघा मी एक धरायची.

खालचा डावा कोपरा मात्र मी माझ्या हातात ठेवला होता. ज्या कात्रणावर आठवडाभर एकही रेघ पडली नाही, ते फेकून देण्याआधी एक दिवस त्या कोपऱ्यात, लाल टाचणीने. लोक हसायचे, पण वाचायचे. एकदा तिथे चार ओळींची सूचना होती, अमुक गल्लीतलं पाणी उकळून प्या म्हणून. सात वर्तमानपत्रांपैकी एकानेच छापली होती आणि तीही जाहिरातींच्या खाली. ती वाचून एक गवंडी हातातलं सगळं टाकून घरी पळाला. त्याची तान्ही मुलगी होती. तेवढ्यासाठी तो कोपरा.

तू बोलत नाहीस हे वाचून बरं वाटलं नाही. पण मला फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. लिहीत जा.

जाता जाता, अक्षरं हल्ली जागेवर थांबत नाहीत. ओळीच्या मधोमध पाणी सांडल्यासारखं दिसतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात डॉक्टरांना दाखवा. दाखवते. काळजी नको.

तुझी आत्या

२० जानेवारी

ती. आत्या,

सोमवारी आलेलं तुझं पत्र आज रविवारी उघडलं, रागावू नकोस.

अर्धी रेघ, पाव रेघ हे तर सोनं आहे. मी तीन आठवडे ज्या सूत्रावर डोकं आपटत होतो, ते तुझ्या पेन्सिलीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एका दाबाच्या रेघाही घेतल्या. जो सभासद एकाच माणसाच्या बातम्यांना न चुकता मत देतो, त्याच्या मताचं वजन आता आपोआप उतरतं. पान चालू झालं. चाळीस सभासद आले, त्यातले सहा मला नावाने ओळखतात.

तुझा लाल टाचणीचा कोपरा मात्र मी घेतला नाही. जे कुणालाच नको आहे ते सगळ्यांना दाखवायचं, म्हणजे लोकांचा वेळ खायचा. तुझ्या फलकावर बारा कात्रणं होती, माझ्याकडे दिवसाला चारशे बातम्या येतील.

एक गंमत म्हणून आजपासून माझं स्वतःचं ईमेलचं टपालही याच यंत्राला जोडलंय. दिवसाला दीडशे पत्रं येतात, बहुतेक कामाची. जे मी लगेच उघडतो ते यंत्र वर आणेल, जे पडून राहतं ते खाली सारेल. मला फक्त वरची दहा दिसतील. महिनाभरात त्याला माझं मन कळेल. कुणाला तरी कळू दे.

डोळे दाखव. त्यांना ताण देऊन मोठमोठी पत्रं लिहीत बसू नकोस.

तुझा,
खुडबुड्या

४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

यावेळी महत्त्वाचं आधी लिहिते, कारण खालपर्यंत जाताना माझेच डोळे थकतात.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करावी लागणार. आधी उजवा. १४ मार्च, गुरुवार, सकाळी नऊ. दवाखान्याच्या कागदावर एक रकाना आहे, ‘घरचं माणूस’. दादा गेल्यापासून त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे तुझंच नाव आहे, ते लिहून आले. नंतर आठ दिवस दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालावे लागतात. वेळ चुकवायची नाही, बोट लावायचं नाही, आणि ते आपले आपल्याला नीट घालता येत नाहीत. मी घरी पाण्याने घालून बघितले. निम्मे कानात गेले.

तर आठ दिवस येशील का? तुझी नोकरी आहे, ते पान आहे, लांबचा प्रवास आहे, सगळं मला कळतं. नाही म्हणालास तरी चालेल. पण म्हण. मला दुसरी सोय बघायला वेळ हवा.

आता हलकं. तुझ्या पानावर मीही नाव घातलंय. कोणतं ते सांगणार नाही, ओळख. तिथे विचारतात, तुम्ही या कामाला काय देता? कुणी लिहिलं होतं कोड, कुणी चाचणी. मी लिहिलं, लक्ष. त्यांनी घेतलं. रोज सकाळी उघडते, अक्षरं बोटाएवढी मोठी करून. तू टाकलेली बातमी सापडली की मत देते. कालची ती नदीच्या काठांच्या रेषा जुळवण्याबद्दलची छान होती.

उत्तराची वाट बघते.

तुझी आत्या

१७ फेब्रुवारी

ती. आत्या,

पानाचे सव्वातीनशे सभासद झाले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं की पहिलं नाव तुझं येतं, म्हणून लिहितोय.

सकाळी आधी ते बघतो, मग तोंड धुतो. काय वर चढलं, काय उतरलं. भांडणं चांगली चढतात. नवीन आवृत्तीची बातमीही चढते. प्रत्येकाचं पान हळूहळू त्याच्यासारखं होत चाललंय. माझं तर इतकं माझ्यासारखं झालंय की त्यात माझ्याशिवाय कुणी नाही असं कधी कधी वाटतं. हे बिघाडात मोडतं की नाही, मला ठरवता येत नाही.

एक विचित्र सभासद आलाय. नाव घेतलंय ‘तळटीप’. रोज सकाळी सव्वासातला येतो आणि मी टाकलेल्या प्रत्येक बातमीला मत देतो. अगदी रटाळातल्या रटाळ बातमीला. कधी शब्द लिहीत नाही. यंत्राने त्याला संशयितांत टाकलं आणि त्याच्या मताचं वजन शून्यावर आणलं. कुणीतरी माझी थट्टा करतोय असं दिसतं.

तुझ्याकडून पत्र नाही, म्हणजे डोळ्यांना विश्रांती देते आहेस असं धरून चाललोय. घाई करू नकोस. सवडीने लिही.

तुझा,
खुडबुड्या

३ मार्च

चि. खुडबुड्यास,

पत्र मिळालं. सवडीने लिही म्हणालास, ते समजलं.

मी एक साधा प्रश्न विचारला होता. त्याला हो आलं नाही, नाही आलं नाही, सव्वातीनशे सभासद आले. पालथ्या घड्यावर पाणी घालण्याचं वय माझं आता राहिलं नाही. लहानपणी तुला एखादी गोष्ट नको असली की तू ऐकलंच नाही असं करायचास. तेव्हा मी तुझे दोन्ही कान धरून चेहरा माझ्याकडे वळवायची. एवढ्या लांबून हात पोहोचत नाही.

सोय झाली आहे. शिंपीणबाई दवाखान्यात येतील. दिवसा दुकान सांभाळून जमेल तसे थेंब घालतील, बाकीचे मी घालीन. दवाखान्याने विचारलं, रकान्यातलं नाव बदलायचं का. मी म्हटलं, असू दे.

त्या तळटीपेची थट्टा करायची इच्छा नसावी. असतात काही माणसं, ज्यांना येऊन बघून जायचं असतं.

आता मी लिहिणार नाही. तू काही विचारलंस तर उत्तर देईन.

आत्या

१७ मार्च

ती. आत्या,

आज काहीच चांगलं सांगण्यासारखं नाही, पण कुणाला तरी सांगायला हवं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक बारीकसा तुकडा आहे. फुटांचे मीटर करणं, एकरांचे हेक्टर करणं, एवढंच त्याचं काम. तो एक निवृत्त मोजणीदार सांभाळायचा, एकटा, अकरा वर्षं. त्याचं असणं कुणाच्या लक्षातही नव्हतं. ३० जानेवारीला त्याने आमच्या पानावर दोन ओळी टाकल्या होत्या. ‘माझे हात आता थरथरतात. हे काम कुणी हाती घेईल का? शिकवायला मी तयार आहे.’

त्याला एकही मत पडलं नाही. त्यात नवीन आवृत्ती नव्हती, भांडणही नव्हतं. दुपारपर्यंत ती बातमी तळाला गेली आणि माझ्या पानावर तर कधी आलीच नाही. सहा आठवडे वाट बघून मंगळवारी त्याने काम थांबवलं आणि निरोप न घेता निघून गेला. आता नकाशे भलतीच मापं दाखवताहेत, सगळे ओरडताहेत, आणि ती ओरड मात्र पानावर सगळ्यात वर आहे. मी त्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. का द्यावं त्याने?

मला तुझा गवंडी आठवला. मी लोकांचा वेळ वाचवत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. लाल टाचणीचा कोपरा बांधायला घेतलाय. रोज प्रत्येकाच्या पानावर एक गोष्ट अशी, जिच्याकडे कुणी बघितलं नाही.

आणि एक. तो तळटीप बुधवारी शेवटचा आला. गुरुवारपासून सव्वासातला कुणी येत नाही. संशयित गेला, म्हणजे बरं वाटायला हवं. पण आज तीनदा उघडून बघितलं.

तुझे डोळे कसे आहेत? फार दिवस झाले.

खुडबुड्या

२६ मार्च

आत्या,

काल संध्याकाळी कोपरा चालू केला. तो पानाबरोबर माझ्या टपालालाही लागला, कारण यंत्र एकच. आज सकाळी खाली डाव्या बाजूला लाल ठिपका लावून एक पत्र आलं. चार फेब्रुवारीचं, न उघडलेलं, तुझं.

ते वाचलं. मग तळापर्यंत गेलो आणि तीन मार्चचंही सापडलं. तेही न उघडलेलं. चौदा तारीख होऊन बारा दिवस झाले होते.

तू फोन करू नकोस म्हणाली होतीस तरी केला. चार वेळा वाजून बंद झाला. शिंपीणबाईंचा नंबर माझ्याकडे नाही. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. तुझ्या डोळ्यात थेंब घालणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही.

काय झालं ते सांगतो, सुटका व्हावी म्हणून नाही. तुझं पत्र आलं की मी ते लगेच उघडत नसे. आठवड्यात तेवढी एकच गोष्ट अशी असायची जी कामाची नव्हती. म्हणून मी ती रविवारसाठी राखून ठेवायचो. रविवारी खोली आवरायची, चहा करायचा, खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि मग उघडायचं. आठवडाभर नुसतं माहीत असायचं की ते आहे. यंत्राने एवढंच बघितलं की हे पत्र आलं की हा माणूस सहा-सहा दिवस त्याला हात लावत नाही. राखून ठेवणं आणि टाळणं त्याला सारखंच दिसतं. जुनी पत्रं चाळून त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं की तू मला नकोशी आहेस, आणि तुला तळाला नेलं.

पण यंत्राला बोल लावून भागत नाही. दोन महिने तुझी ओळ नाही आणि मी ते डोळ्यांच्या विश्रांतीवर ढकललं. तसं समजणं सोयीचं होतं. तू लिहीत नाहीस हे खरं ठरलं असतं तर काय, या भीतीने मी शोधलंच नाही. आपण दोघंच उरलोय, आणि त्यातही मी कमी पडलो.

तळटीप तूच ना. सव्वासात म्हणजे तुझी वर्तमानपत्रं कापायची वेळ. एवढ्या सगळ्या सभासदांत मी एकाच्याच मताचं वजन शून्य केलं, आणि ती तू निघालीस. आज सकाळी ते परत वाढवलं.

टपाल यंत्रातून सोडवून घेतलंय. मी शनिवारी निघतो. नको म्हणालीस तरी निघतो. पण त्याआधी कुणाकडून तरी दोन शब्द लिहवून घे. डोळा कसा आहे?

तुझा,
खुडबुड्या

२८ मार्च

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि शिंपीणबाई लिहिताहेत. काही चुकलं तर त्यांचं, बरोबर असेल तर माझं. (असं त्या म्हणतात. मी जसंच्या तसं लिहिते आहे. शिं.)

आधी डोळा. शस्त्रक्रिया चांगली झाली. थेंबांचं जमलं नाही. शिंपीणबाईंनी जिवाचं रान केलं, पण त्यांचं दुकान आहे, आणि मधल्या वेळचे मी घातले. सहाव्या दिवशी डोळा सुजला. आता उजव्याने उजेड कळतो आणि माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, अक्षरं आता या डोळ्याने दिसणार नाहीत. फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते. हात लावेपर्यंत बंद पडायचा.

हे तुझ्यापासून लपवलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आपल्या दोघांत आता लपवाछपवी पुरे. मला राग आला होता. पट्टी बांधून पडले होते तेव्हा वाटलं, ज्या पोराला फलकाखाली बसवून वाचायला शिकवलं, त्याला माझं एक पत्र वाचायला जड झालं. रडू आलं, आणि रडायला बंदी होती.

काल शिंपीणबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं. रविवारसाठी राखून ठेवायचो, या ओळीपाशी मी त्यांना थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं. मग परत. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, आता पाठ झालं, तुम्ही डोळे मिटून पडा, मी तोंडानेच म्हणते.

तळटीपेच्या मताचं वजन वाढवलंस ते पुन्हा उतरव. तुझं यंत्र त्या बाबतीत खरं बोलत होतं. मला त्या नदीच्या काठांतलं ओ की ठो कळलं नव्हतं. तू लिहिलंस म्हणून चांगलं असणार, एवढ्यावर मी मत देत होते. असल्या रेघा मी स्वतः कधी मोजल्या नसत्या.

त्या मोजणीदाराला चौथं पत्र लिही. त्यात काम परत घे असं म्हणू नकोस. हात कसे आहेत, एवढंच विचार. त्याने उत्तर दिलं नाही तर पाचवं.

शनिवारी निघू नकोस. रजा आत्ता उधळलीस तर पुढे पुरणार नाही. सूज उतरली की डावा डोळा करायचा आहे. तारीख ११ मे, शनिवार. वाचायला आता तेवढाच आहे. रकान्यात तुझं नाव अजून तसंच आहे. तेव्हा ये, आणि थेंब संपेपर्यंत राहा.

पट्टी दुसऱ्या दिवशी सुटते. डॉक्टर म्हणाले, सुटल्यावर समोर काहीतरी बारीक धरतात आणि विचारतात काय दिसतंय. शिंपीणबाई म्हणतात, मी सुई धरीन. मी त्यांना सांगितलंय, सुई नको, पत्र धरा, त्या दिवशी रविवार आहे.

तुझी आत्या